पडद्याचा कारभारी आणि स्मृतीचा हिशेब

रायपूर शहराच्या उत्तरेस लागूनच बीरगांव ही कामगारांची दाट वस्ती आहे. शेजारी उरला आणि थोडे पुढे सिलतरा ही छत्तीसगडातील मोठी औद्योगिक क्षेत्रे पसरलेली असून लोखंड व पोलाद यांचे कारखाने हे ह्या भागाचे वैशिष्ट्य होय. अशा ठिकाणी मालाने भरलेला ट्रक वजनकाट्यावर उभा राहतो, तेव्हा काट्याच्या खोलीतील पडद्यावर एक आकडा उमटतो. तो ट्रकचालक पाहतो, कारखान्याचा कारकूनही पाहतो. त्यावरून पावती निघते आणि पैशांची देवघेव होते. काटा बरोबर आहे की नाही, याची चौकशी पूर्वीपासून होत आली आहे. परंतु काट्यापासून निघालेला आकडा डोळ्यांपर्यंत आणून पोचवणारा कोण, आणि तो विश्वासास पात्र आहे काय, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

हा प्रश्न केवळ वजनकाट्याचा नाही. बँकेतील खाते, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल, शाळेचा निकाल, भट्टीचे तापमान अशा अनेक गोष्टी आज मनुष्य पडद्यावरच वाचतो आणि पडद्यावरील चौकटीतच आपला गुप्त परवलीचा शब्द लिहितो. म्हणून पडद्याची व्यवस्था पाहणारी आज्ञावली कशी चालते, तिच्यात कोणत्या प्रकारचे दोष राहतात व ते कसे दूर करता येतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पडद्याचा कारभारी

संगणकावर एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चालू असतात. एक पत्र लिहीत असते, दुसरी हिशेब मांडत असते, तिसरी चित्र दाखवीत असते. पडदा मात्र एकच असतो. कळफलक आणि माऊसही एकच. प्रत्येक आज्ञावलीने आपल्या मनाने पडद्यावर रेघा ओढावयास प्रारंभ केला, तर कोणाचेच काम धड होणार नाही. म्हणून त्या सर्वांच्या मध्ये एक कारभारी नेमलेला असतो. ज्या आज्ञावलीला पडद्यावर काही दाखवावयाचे असेल, तिने ह्या कारभाऱ्याकडे विनंती पाठवावयाची. "मला एवढ्या लांबीरुंदीची चौकट हवी", "त्या चौकटीत हे चित्र ठेवावे", "हे अक्षर अमुक वळणाच्या टंकात उमटवावे", अशा स्वरूपाच्या त्या विनंत्या असतात. कारभारी त्या वाचतो, जागेची वाटणी करतो आणि चित्र उमटवितो. उलट दिशेने, कोणती कळ दाबली गेली याची वार्ता योग्य त्या आज्ञावलीला कळविणे हेही त्याचेच काम. ह्या कारभाऱ्यास डिस्प्ले सर्व्हर असे म्हणतात.

ह्या जातीच्या आज्ञावल्यांत सर्वांत दीर्घायुषी ठरलेली म्हणजे 'एक्स' ही होय. १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत रॉबर्ट शाइफलर व जिम गेटिस यांनी तिचा पाया घातला. तिच्या आधी 'डब्ल्यू' नावाची एक प्रणाली होती. इंग्रजी वर्णमालेतील पुढचे अक्षर घेऊन नव्या प्रणालीस 'एक्स' हे नाव मिळाले. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती निघाली, आणि विनंत्या कोणत्या स्वरूपात लिहावयाच्या याचे त्या आवृत्तीने घालून दिलेले नियम आजही वापरात आहेत. २००४ पासून ह्या आज्ञावलीची देखभाल 'एक्स.ऑर्ग' ह्या नावाने चालते.

भारताचाही तिच्याशी संबंध आला आहे. पुण्यास मुख्यालय असलेल्या, सी-डॅक ह्या नावाने परिचित असलेल्या संस्थेने २००७ साली 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली भारतीय कार्यप्रणाली प्रसिद्ध केली, तेव्हा तीत पडद्याचा कारभार एक्स.ऑर्गकडेच होता. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात कर्जतनजीकच्या एका लहान शाळेतील मुलांच्या हाती 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' ह्या योजनेतील संगणक आले. त्यांच्या पडद्यामागेही हाच कारभारी होता. तेव्हा त्याच्यातील दोष ही केवळ परदेशातील तज्ज्ञांच्या चर्चेची बाब मानता येत नाही.

स्मृतीचे गोदाम

दोषांचे स्वरूप कळण्यासाठी संगणकाच्या स्मृतीची कल्पना प्रथम स्पष्ट व्हावयास हवी. धानाची पोती ठेवण्याचे एक प्रचंड गोदाम डोळ्यांसमोर आणावे. त्यात ओळीने असंख्य लहान खण आहेत आणि प्रत्येक खणावर क्रमांक आहे. संगणकाची स्मृती अशीच असते. तिच्या प्रत्येक खणात एक बाइट, म्हणजे साधारणतः इंग्रजीतील एका अक्षराएवढी माहिती मावते. एखाद्या कामासाठी जागा हवी असेल, तर लागोपाठचे काही खण त्या कामाच्या नावे राखून ठेवतात आणि काम संपले की ते मोकळे करतात.

आता महत्त्वाचा प्रश्न असा की, राखून ठेवलेल्या खणांच्या पलीकडे कोणी माल ठेवू लागला, तर त्यास अडविणार कोण? एक्स ही आज्ञावली सी ह्या भाषेत लिहिली गेली. डेनिस रिची यांनी ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविली. त्या काळी संगणकाची स्मृती अत्यल्प होती आणि वेगही बेताचा होता. म्हणून सी भाषेने आज्ञावली लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकला. तिच्या गोदामात प्रत्येक खणाचा क्रमांक सांगता येतो, परंतु खणांच्या रांगेच्या शेवटी भिंत नाही आणि पहारेकरीही नाही. शंभर खण राखले असतील आणि एकशे एकावा खण भरण्याची आज्ञा दिली, तर ती आज्ञा मुकाट्याने पाळली जाते. सीमेची आठवण ठेवणे ही सर्वस्वी लिहिणाऱ्याची जबाबदारी असते. ह्या व्यवस्थेमुळे काम अतिशय वेगाने होते. परंतु लाखो ओळींच्या आज्ञावलीत ही जबाबदारी प्रत्येक ठिकाणी बिनचूक पार पाडली जाईल, अशी अपेक्षा धरणे कठीण आहे. पुढील चार उदाहरणांवरून ते दिसून येईल.

मापाबाहेरचे नाव

पडद्यावर अक्षरे उमटवावयाची, तर त्यांच्या आकृतींचा संच एखाद्या फाइलमध्ये साठवून ठेवावा लागतो. अशा संचांचा बीडीएफ नावाचा एक जुना प्रकार आहे. त्यात प्रत्येक अक्षराच्या आकृतीपूर्वी त्या अक्षराचे नाव लिहिलेले असते. हे नाव वाचून घेण्यासाठी एक्सच्या ग्रंथालयात शंभर बाइटांची जागा राखलेली होती. अक्षराचे नाव एवढे लांब कोण ठेवणार, असा विचार करणे स्वाभाविक होते. परंतु नाव वाचणाऱ्या आज्ञेत 'शंभरापुढे वाचू नये' अशी मर्यादा घातलेली नव्हती. कोणी मुद्दाम पाचशे अक्षरांचे नाव लिहिलेली फाइल पुढे केली, तर पहिली शंभर अक्षरे आपल्या जागी बसत आणि उरलेली शेजारच्या खणांतील माहिती पुसून त्यांवर जाऊन पडत.

ही चूक १० मे १९९१ रोजी नोंदविलेल्या मजकुरात आढळते. ती उघडकीस आली जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे तब्बल २२ वर्षे ती प्रत्येक आवृत्तीबरोबर जगभर पोचत राहिली. दुरुस्ती मात्र अगदी लहान होती. वाचण्याच्या आज्ञेत '९९' हा आकडा घालण्यात आला, म्हणजे ९९ अक्षरे व शेवटची खूण मिळून शंभराची मर्यादा पाळली जाईल.

गुणाकारातील फसगत

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. जुन्या छापील नमुन्यांत रक्कम लिहिण्यासाठी ठराविक चौकोन असत. पाच चौकोनांच्या जागी सहा अंकी रक्कम आली आणि कारकुनाने डावीकडचा अंक गाळून उरलेले पाच लिहिले, तर १,००,००४ ही रक्कम केवळ ४ होऊन बसेल. संगणकातील संख्यांनाही अशीच चौकोनांची मर्यादा असते. बत्तीस द्विमान अंकांत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच्या संख्या मावतात. त्यापुढे गेल्यास डावीकडील अंक गळून पडतो आणि गणना पुन्हा शून्यापासून सुरू होते.

आता समजा, एका आज्ञावलीने कारभाऱ्याकडे १,०७,३७,४१,८२५ वस्तूंची यादी देण्याची तयारी दाखविली आणि प्रत्येक वस्तूस ४ बाइट लागतात. खरा गुणाकार ४,२९,४९,६७,३०० इतका येतो. परंतु बत्तीस अंकांच्या चौकोनांत तो मावत नाही आणि उत्तर येते केवळ ४. कारभारी चार खणांची जागा राखतो व मग त्या चार खणांत एक अब्जाहून अधिक वस्तू भरावयास निघतो. हिशेब मांडण्याची रीत चुकली नव्हती. उत्तर लिहिण्याची जागा अपुरी पडली होती.

९ डिसेंबर २०१४ रोजी एक्स.ऑर्गने जाहीर केलेल्या दोषांत ह्या जातीचे अनेक दोष होते. इल्या व्हान स्प्रुंडेल ह्या संशोधकाने ते शोधून काढले. त्यांतील काही थेट १९८७ च्या पहिल्या प्रसिद्धीपासून चालत आलेले होते. अकराव्या आवृत्तीच्या जन्माबरोबरच ते जन्मले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मोकळा झालेला खण

तिसऱ्या प्रकारात सीमा ओलांडली जात नाही. गोदामातील एक खण एका व्यापाऱ्याच्या नावे होता. त्याने तो सोडला आणि गोदामपालाने दुसऱ्यास दिला. परंतु पहिल्या व्यापाऱ्याच्या पावतीची एक प्रत मुनिमाच्या खिशात तशीच राहिली. काही दिवसांनी मुनीम ती पावती दाखवून खण उघडतो आणि आतील माल आपलाच समजून उचलतो. पावतीवरील क्रमांक खरा आहे, खणही अस्तित्वात आहे, केवळ मालक बदललेला आहे.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी एक्स.ऑर्गने एकदम आठ दोष जाहीर केले. त्यांपैकी एक पडद्यावरील मूळ बाणाच्या, म्हणजे माऊसबरोबर हलणाऱ्या खुणेच्या बाबतीत होता. ह्या बाणाची माहिती कोठे ठेवली आहे, याचा क्रमांक कारभारी कायमचा जवळ बाळगतो. बाण अखेरपर्यंत राहणारच, असे त्याने गृहीत धरलेले असते. परंतु एखाद्या आज्ञावलीने युक्तीने तो बाण मोकळा करवून घेतला, तर कारभाऱ्याजवळ उरतो तो रिकाम्या झालेल्या जागेचा क्रमांक. त्या जागी पुढे दुसऱ्या कोणी आपल्याला हवा तो मजकूर भरून ठेवला, तर कारभारी त्यालाच बाण समजून वापरू लागतो.

दोन वह्यांतील तफावत

चौथे उदाहरण हिशेबनिसांना विशेष ओळखीचे वाटेल. कळफलकाच्या व्यवस्थेसाठी एक्समध्ये एक कोष्टक ठेवलेले असते. त्याच्या दोन नोंदी आहेत. एकीत एकूण किती जागा राखली ते लिहावयाचे, दुसरीत त्यांपैकी किती वापरात आहे ते. कोष्टकाची जागा बदलताना वापराची नोंद बदलली जाई, परंतु राखलेल्या जागेची नोंद पूर्वीचीच राही. दोन वह्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या की पुढचा प्रत्येक हिशेब संशयास्पद ठरतो. इथेही तसेच होऊन राखलेल्या जागेपलीकडे लिहिले जाण्याचा मार्ग मोकळा झाला. २००६ पासूनचा हा दोष २९ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर होऊन दुरुस्त झाला.

चुकीतून अपाय कसा घडतो

शेजारच्या खणांतील माहिती बिघडली, तर आज्ञावली बंद पडेल आणि पडदा काळा होईल, एवढेच नुकसान वाचकांच्या ध्यानात प्रथम येईल. तेही कारखान्यासारख्या ठिकाणी लहान नव्हे. परंतु खरा धोका त्याहून गंभीर आहे.

संगणक एका कामातून दुसऱ्या उपकामाकडे वळतो, तेव्हा परत कोठे यावयाचे याची चिठ्ठी तो स्मृतीतच लिहून ठेवतो. ही चिठ्ठी पुष्कळदा उपकामासाठी राखलेल्या जागेच्या शेजारीच असते. मापाबाहेरचे नाव वाहत जाऊन ह्या चिठ्ठीवर पडले आणि पाठविणाऱ्याने त्या नावाचा शेवटचा भाग विचारपूर्वक रचलेला असला, तर चिठ्ठीवर नवा पत्ता लिहिला जातो. संगणक इमानाने त्या पत्त्यावर जातो आणि तेथे जी आज्ञा ठेवली असेल ती पाळू लागतो. कारभाऱ्याचा देह तोच राहतो, मात्र बुद्धी दुसऱ्याची चालू लागते.

ही भीती काल्पनिक नाही, हे २ नोव्हेंबर १९८८ रोजीच जगाने पाहिले. रॉबर्ट मॉरिस ह्या विद्यार्थ्याने लिहिलेली एक आज्ञावली त्या दिवशी हजारो संगणकांत शिरली. तिच्या मार्गांपैकी एक होता संगणकावरील लोकांची माहिती सांगणारी एक साधी सेवा. त्या सेवेने ५१२ बाइटांची जागा राखली होती आणि येणारा मजकूर किती लांब आहे, हे तिने मोजले नव्हते.

पडद्याच्या कारभाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट भर घालते. पडद्याच्या यंत्रणेला प्रत्यक्ष हात लावावयाचा असल्यामुळे ही आज्ञावली दीर्घकाळ संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराने चालविली जात असे. ज्याच्या हाती सर्व किल्ल्या, त्याच्या लहान चुकीचीही किंमत मोठी. ऑक्टोबर २०१८ मध्ये नरेंद्र शिंदे ह्या भारतीय संशोधकाने उघडकीस आणलेला दोष ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. मराठी वाचकांस हे नाव परिचित वळणाचे वाटेल. एक्स सुरू करताना तिची रोजनिशी कोणत्या फाइलमध्ये लिहावी, हे सांगण्याची सोय होती. कारभारी सर्वोच्च अधिकाराने चालत असला तरी ही सोय सामान्य वापरकर्त्यालाही मोकळी राहिली होती. परिणामी कोणीही संगणकाची अत्यंत महत्त्वाची फाइल 'रोजनिशी' म्हणून दाखवून तिच्यावर लिहवून घेऊ शकत असे. ह्यात स्मृतीचा एकही खण चुकला नव्हता. २०१६ च्या आवृत्तीत शिरलेली ही चूक अधिकाराची होती. स्मृतीचे दोष आणि अवाजवी अधिकार एकत्र आले म्हणजे धोका किती वाढतो, ते ह्यावरून समजते.

इतकी वर्षे ते दिसले का नाहीत

एक्सचा मूळ मजकूर कोणासही वाचावयास खुला आहे. तो जगातील निष्णात लोकांनी लिहिला व तपासला. मग २२ आणि २७ वर्षे हे दोष लपून कसे राहिले?

पहिले कारण असे की, नित्याच्या वापरात ते प्रकट होत नाहीत. शंभर अक्षरांचे नाव असलेला टंक कोणी बनवीत नाही. अब्ज वस्तूंची यादी कोणी पाठवीत नाही. जे घडावयास हवे ते घडते की नाही, हे परीक्षक पाहतो. जे घडू नये ते घडविता येते काय, हे पाहण्यासाठी निराळी दृष्टी लागते. दुसरे कारण काळाचे आहे. १९८० नंतरच्या दशकात हा कारभारी विद्यापीठाच्या आवारात वावरत होता. विनंती पाठविणारा हा सहकारी असे, आणि त्याने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणे हा सौजन्याचा भाग वाटे. पुढे जग बदलले, तरी विश्वासाची ती रीत मजकुरात तशीच राहिली.

तिसरे कारण एका प्रयोगावरून ध्यानात येते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर व त्यांचे सहकारी आज्ञावल्यांना यदृच्छेने जुळविलेला निरर्थक मजकूर पुरवून त्या कोसळतात काय, हे पाहत असत. १९९५ साली त्यांनी एक्सच्या कारभाऱ्यावरही हा प्रयोग केला. त्यावर चालणाऱ्या अनेक आज्ञावल्या कोसळल्या, परंतु कारभारी स्वतः कोसळला नाही. वर सांगितलेले १९८७ व १९९१ चे दोष त्या वेळी त्याच्या पोटात होतेच. निव्वळ निरर्थक विनंती दारातूनच परत जाते. घातक ठरते ती जवळजवळ बरोबर असलेली विनंती, जिच्यातील एकच आकडा खोटा आहे. परीक्षेत उत्तीर्ण झाल्याने निर्दोषपणा सिद्ध होत नाही, हा धडा येथे मिळतो.

उपायांच्या दिशा

पहिला उपाय तपासणीची यंत्रे वापरण्याचा. १९९१ ची ती चूक अखेर एका माणसाच्या डोळ्यांना दिसली नाही. मूळ मजकूर वाचून संशयास्पद जागा दाखविणाऱ्या 'सीपीपीचेक' नावाच्या आज्ञावलीने ती दाखविली आणि मग माणसांनी तिचे गांभीर्य ओळखले. दुसरे साधन २०१२ साली गूगलच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केले. त्यात चाचणीच्या वेळी प्रत्येक राखीव जागेच्या दोन्ही बाजूंस निषिद्ध खण सोडतात आणि कोणी त्यांना स्पर्श केला की तत्काळ काम थांबवून चूक दाखवितात. यदृच्छ मजकुराचा प्रयोगही आता सुधारला आहे. विनंतीची रचना समजून घेऊन तीत नेमका बदल करणारी साधने आज उपलब्ध आहेत.

दुसरा उपाय अधिकार कमी करण्याचा. पडद्याच्या यंत्रणेशी प्रत्यक्ष संबंध ठेवण्याचे काम आता बहुतांशी कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे गेले असून कारभाऱ्यास सामान्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालविता येते. तो भ्रष्ट झाला तरी संपूर्ण संगणक त्याच्या हाती जात नाही.

तिसरा उपाय रचनाच बदलण्याचा. २००८ साली क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी 'वेलँड' ह्या नव्या प्रणालीचा प्रारंभ केला. जुन्या एक्समध्ये एका आज्ञावलीस दुसरीच्या चौकटीतील मजकूर पाहता येई, इतकेच काय, दाबल्या जाणाऱ्या कळाही टिपता येत. नव्या प्रणालीत प्रत्येकीस आपल्यापुरतेच दिसते. परंतु जुन्या आज्ञावल्या एका दिवसात टाकून देता येत नाहीत. त्यांच्यासाठी 'एक्सवेलँड' नावाचा एक दुभाषी ठेवावा लागतो, आणि तो जुन्या एक्सच्याच मजकुरापासून तयार झालेला आहे. म्हणून २०२४ व २०२५ मध्ये जाहीर झालेल्या वरील दोषांची दुरुस्ती त्यातही करावी लागली. नवे घर बांधले, तरी जुन्या भिंतीचा एक भाग आत राहिला.

चौथा उपाय सर्वांत मूलगामी आहे. सीमेची आठवण ठेवण्याचे काम माणसाकडून काढून भाषेकडेच सोपवावयाचे. २००६ साली ग्रेडन होअर यांनी प्रारंभ केलेली आणि २०१५ साली पहिल्या स्थिर आवृत्तीस पोचलेली 'रस्ट' ही भाषा ह्या तत्त्वावर उभी आहे. गोदामाच्याच भाषेत सांगावयाचे, तर इथे प्रत्येक खणाचा मालक एकच असतो. मालकी दुसऱ्याकडे गेली की पहिल्याची पावती रद्द होते, आणि रद्द पावती वापरण्याची आज्ञा कोणी लिहिली, तर आज्ञावली तयारच होत नाही. रांगेपलीकडचा खण मागितला, तर काम तेथेच थांबते आणि शेजाऱ्याचा माल सुरक्षित राहतो. ह्या भाषेत लिहिलेले पडद्याचे कारभारीही आता तयार झाले असून अमेरिकेतील सिस्टम ७६ ह्या कंपनीचे 'कॉस्मिक' हे त्याचे एक उदाहरण होय.

ह्या उपायाचे फळ मोजता आले आहे. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने असे सांगितले की, त्यांच्या आज्ञावल्यांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षाविषयक दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या हिशेबाचे असतात. गूगलच्या अँड्रॉइड ह्या कार्यप्रणालीत हे प्रमाण २०१९ साली ७६ टक्के होते. नवा मजकूर सुरक्षित भाषांत लिहिण्याचे धोरण अवलंबिल्यानंतर २०२४ मध्ये ते २४ टक्क्यांवर आले. विशेष असे की, त्यासाठी जुना सर्व मजकूर पुन्हा लिहावा लागला नाही. जुना मजकूर हळूहळू दुरुस्त होत गेला आणि नव्याने भर पडणे थांबले.

तथापि कोणतीही भाषा सर्व दोषांवर रामबाण नाही. नरेंद्र शिंदे यांनी दाखविलेला दोष रस्टमध्येही घडू शकला असता, कारण तेथे चूक हिशेबाची नव्हती, विचाराची होती. भाषा खणांची राखण करील. कोणाच्या हाती किल्ली द्यावी, हे माणसालाच ठरवावे लागेल.

कार्यालयांचे कर्तव्य

ज्या कार्यालयात, कारखान्यात वा शाळेत असा संगणक आहे, तेथील चालकांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध झाल्याबरोबर ती आपल्या यंत्रावर बसवून घ्यावी. दोष जाहीर होतो तेव्हा तो सज्जनांप्रमाणे दुर्जनांसही कळलेला असतो, आणि दुरुस्ती न केलेले यंत्र त्यानंतर पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित होते. ज्या आवृत्तीस दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे, ती 'चालते आहे ना' एवढ्याच कारणासाठी ठेवू नये. पडद्याच्या कारभाऱ्यास सर्वोच्च अधिकाराने चालवू नये. दूरच्या संगणकावरील कोणासही विनंती पाठविता येईल, अशी सरसकट परवानगी देऊ नये. अनोळखी ठिकाणाहून आलेले टंक व फाइली बेफिकिरीने उघडू नयेत. ह्यांतील एकाही गोष्टीसाठी मोठा खर्च लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो.

आता पुन्हा बीरगांवच्या वजनकाट्याकडे वळू. काटा उत्तम कारखान्यात तयार झाला, एवढ्यावर कोणी त्याच्यावर विश्वास ठेवीत नाही. ठराविक मुदतीने वजनमापांचा निरीक्षक येतो, प्रमाणित वजने ठेवून काटा पारखतो आणि मुद्रा लावतो. काटेवाला अप्रामाणिक आहे, असा त्यात आरोप नसतो. लोखंड झिजते, धूळ साचते आणि प्रामाणिक काटाही हळूहळू चुकू लागतो, हे जाणूनच ही पद्धत पडली. पडद्याचा कारभारी ज्यांनी घडविला, तेही प्रामाणिक व कुशल होते. तरीही त्यांच्या हातून शंभर खणांची मर्यादा लिहावयाची राहून गेली आणि ती २२ वर्षे कोणास दिसली नाही. काट्याला जी पारख आपण लावतो, तीच त्या काट्याचा आकडा दाखविणाऱ्या पडद्यालाही लावली पाहिजे. ट्रकचालकाची मजुरी आणि कारखान्याचा हिशेब ह्या दोन्हींवर अवलंबून आहेत.